अंगठा जामसरला, ओटीपी भिवंडीला: मोबाइल नंबर बंद पडला की काय काय अडतं

आमच्या जामसर भागात ज्या घरात दहावी-बारावीच्या पुढे शिकणारं पोर आहे, त्या घराचा मोबाइल कुणाच्याही नावावर असो, 'ओटीपी' त्या पोराकडे असतो. शेजारच्या चार घरांचाही त्याच्याकडेच असतो. मी जव्हारला कॉलेजला जातो. सकाळी एसटीची वाट बघत उभा असलो की कुणी ना कुणी फोन पुढे करतंच, "बघ रे, काय मेसेज आलाय." बहुतेक वेळा तो रिचार्ज संपल्याचा मेसेज असतो. फोनवाल्याला ती कंपनीची जाहिरात वाटते आणि तो मेसेज पुसून टाकतो.

माझ्या मते गरीब घरात येणाऱ्या सगळ्या मेसेजांत सगळ्यात महत्त्वाचा मेसेज तोच आहे. बँकेचा मेसेज नंतर वाचला तरी चालतो. हा नाही वाचला तर पुढे बँकेचे मेसेजच येईनासे होतात.

आता सगळं त्या दहा आकडी नंबरवर चालतं. पीएम किसानचे वर्षाचे 6000 रुपये, लाडकी बहीणचे महिन्याचे 1500, पोरांची शिष्यवृत्ती, गॅसची नोंदणी. 2025 पासून अकरावीचा प्रवेशसुद्धा राज्यभर ऑनलाइन झाला, त्यामुळे गावातल्याच कॉलेजात जायचं असलं तरी आधी मोबाइलवर नोंदणी. 15 ऑगस्ट 2021 पासून पीकपाहणीही शेतकऱ्याने स्वतः मोबाइलवर करायची. ज्या रोजगार हमीचा कायदा महाराष्ट्राने 1977 सालीच केला होता, त्या कामावरची हजेरीही 1 जानेवारी 2023 पासून मोबाइल ॲपवर गेली. दिवसातून दोनदा मजुरांचा फोटो, वेळ आणि ठिकाणासकट. म्हणजे ज्याच्याकडे फोन नाही त्याचंही काम कुणाच्या तरी फोनवर अवलंबून आहे.

एका घरात एकच फोन

जव्हार-मोखाड्यात भात, नागली, वरई निघाली की दिवाळीनंतर कुटुंबंच्या कुटुंबं बाहेर पडतात. भिवंडी, वसई, कल्याणकडच्या वीटभट्ट्या, बांधकामं. शेठकडून उचल आधीच घेतलेली असते, तेव्हा न जाऊन चालत नाही. घरात फोन बहुधा एकच, आणि तो कमावत्या माणसाबरोबर जातो. मागे राहतात म्हातारी माणसं आणि आश्रमशाळेतली पोरं.

आणि मग खरी गंमत होते. म्हातारीचं काम निघतं. ती केंद्रावर जाऊन बसते, केंद्रवाला आधार नंबर टाकतो, ओटीपी जातो मुलाच्या फोनवर. मुलगा त्या वेळी भिवंडीला भट्टीवर चिखल कालवत असतो, फोन झोपडीत चार्जिंगला. आधारचा ओटीपी दहा मिनिटं चालतो. दहा मिनिटांत तो हात धुऊन फोनपर्यंत येत नाही. अंगठा जामसरला आणि ओटीपी भिवंडीला. म्हातारी परत जाते, गाडीभाडं आणि दिवस दोन्ही वाया.

लाडकी बहीणच्या ई-केवायसीच्या वेळी हे फार मोठ्या प्रमाणावर दिसलं. सप्टेंबर 2025 मध्ये सरकारने ती सक्तीची केली. त्यात बाईच्या स्वतःच्या आधारचा एक ओटीपी, शिवाय नवऱ्याच्या किंवा वडिलांच्या आधारचा दुसरा ओटीपी लागत होता. पहिली मुदत होती 18 नोव्हेंबर 2025, ती पुढे 31 डिसेंबरपर्यंत वाढवली. त्या वर्षी लक्ष्मीपूजन 21 ऑक्टोबरला होतं. म्हणजे मुदतीचा सगळा काळ आमच्याकडे माणसं बाहेर पडण्याचाच. बायको इथे, नवरा तिथे, किंवा दोघंही तिथे आणि कागदपत्रं इथे. मुंबईत बसून तारखा ठरवताना वीटभट्टीचा हंगाम कुणाच्या लक्षात येत नसावा. पण तारखा आपल्या हातात नाहीत, नंबर चालू ठेवणं थोडंफार आहे.

दिवाळी ते होळी: नंबर कसा बंद पडतो

लोकांना वाटतं, सिम आपलं आहे, कार्ड खिशात आहे, म्हणजे नंबर आपलाच. तसं नाही. नंबर कंपनीचा असतो, आपण वापरतो तोवर आपल्याकडे राहतो.

दूरसंचार नियामक ट्रायचा नियम असा: प्रीपेड नंबर सलग 90 दिवस अजिबात वापरला गेला नाही, म्हणजे ना फोन आला-गेला, ना मेसेज, ना नेट, तर कंपनी तो बंद करू शकते. त्यानंतर 15 दिवसांची जादा मुदत असते, त्या काळात धावपळ करून तो परत चालू करता येतो. ती गेली की नंबर गेला. पुढे किमान 90 दिवस तो कुणाला देत नाहीत, नंतर तो नव्या गिऱ्हाइकाला मिळू शकतो.

आता हिशेब करून बघा. लक्ष्मीपूजनाच्या दिवशी कुणी 28 दिवसांचा रिचार्ज मारला आणि भट्टीवर गेला. 28 दिवसांनी रिचार्ज संपला. पैसे हातात नाहीत, उचलीतून वळते होतायत, म्हणून पुढचा मारला नाही. रिचार्ज संपल्यावर काही दिवसांत येणारे फोनही बंद होतात, त्यामुळे 'वापर' आपोआप शून्य होतो. 28 अधिक 90 अधिक 15 म्हणजे 133 दिवस. दिवाळीच्या अमावस्येपासून होळीच्या पौर्णिमेपर्यंत साडेचार महिने होतात, म्हणजे जवळपास तेवढेच दिवस. होळीला माणूस पाड्यावर येतो, ढोल वाजतो, आणि त्याच सुमाराला त्याचा नंबर कायमचा बंद झालेला असतो. त्याला ते कळतं जूनमध्ये, खताच्या वेळी, पैसे का आले नाहीत हे बघायला गेल्यावर.

यावर ट्रायच्याच नियमात एक वाट आहे आणि ती फार कमी लोकांना ठाऊक आहे. प्रीपेडच्या मुख्य बॅलन्समध्ये 20 रुपये किंवा जास्त शिल्लक असतील, तर 90 दिवस झाल्यावर कंपनीने नंबर बंद न करता 20 रुपये कापून 30 दिवसांची मुदत द्यायची असते. बॅलन्स आहे तोवर हे पुन्हा पुन्हा चालतं. मात्र इथे एक मेख आहे. आपण दुकानात जाऊन जो 'पॅक' मारतो त्यातून मुख्य बॅलन्स वाढत नाही. तो वेगळा 'टॉपअप' मारावा लागतो. म्हणून बाहेर जाण्याआधी दुकानदाराला स्पष्ट सांगा, "पॅक नको, बॅलन्स टाक." शंभराचा टॉपअप टाकला तर कर वगैरे कापून जे उरतं त्यात नंबर काही महिने तग धरतो. फोन करता येणार नाहीत, पण नंबर दुसऱ्याचा होणार नाही.

दुसरं म्हणजे नेट वापरतच नसाल, साधा बटणांचा फोन असेल, तर नेटवाला पॅक घेऊ नका. डिसेंबर 2024 मध्ये ट्रायने सगळ्या कंपन्यांना फक्त बोलणं आणि एसएमएस एवढाच पॅक ठेवायला लावलं. जानेवारी 2025 पासून असे पॅक आहेत. दुकानदार स्वतःहून सांगेलच असं नाही, विचारावं लागतं. ओटीपी एसएमएसने येतो, त्याला नेट लागत नाही. आमच्या पाड्यांवर जिथे नेटची रेंज नसते, व्हिडिओ गोल गोल फिरतो, तिथेही एक काडी रेंज असली तरी एसएमएस येतो.

सिम कुणाच्या नावावर आहे हेही बघून ठेवा. भट्टीवर मुकादमाने घेऊन दिलेलं, दुकानदाराने आपल्याच आधारवर काढून दिलेलं सिम हरवलं तर डुप्लिकेट तुम्हाला मिळत नाही, ज्याच्या नावावर आहे त्यालाच मिळतं. संचार साथी या सरकारी पोर्टलवर आपल्या नावावर किती नंबर आहेत ते दिसतं.

तीन गाठी, आणि लोक गोंधळतात त्या इथेच

"माझं आधार लिंक आहे," असं सगळे सांगतात. कशाला लिंक, हे विचारलं की उत्तर येत नाही. इथे तीन वेगवेगळ्या गाठी आहेत आणि एक बांधली म्हणजे बाकीच्या दोन बांधल्या असं होत नाही.

पहिली, आधारला मोबाइल नंबर. ही असली की आधारचा ओटीपी येतो. दुसरी, बँक खात्याला मोबाइल नंबर. ही असली की पैसे आले-गेल्याचा मेसेज येतो. बँकेत नंबर बदलला तरी आधारमधला बदलत नाही, आणि उलटही नाही. तिसरी, आधारला बँक खातं. याला सीडिंग म्हणतात, आणि सरकारी पैसे कुठे पडणार हे या गाठीवर ठरतं. या गाठीचा मोबाइलशी संबंधच नाही.

तिसरीत आणखी एक भानगड आहे. खाती तुमची चार असली तरी सरकारी पैशासाठी आधार एका वेळी एकाच बँकेशी बांधलेलं असतं, जी शेवटी बांधली तिच्याशी. गावात कुणीतरी येऊन अंगठे घेऊन 'झिरो बॅलन्स' खाती उघडून गेला, त्यात सीडिंगलाही होकार दिला गेला, की पुढचे पैसे त्या नव्या खात्यात पडायला लागतात. बाई जुन्या बँकेत पासबुक भरत बसते, पासबुकात काही येत नाही, आणि ती म्हणते योजना बंद झाली. योजना बंद झालेली नसते, पैसे दुसरीकडे साठत असतात. आमच्याच भागात अशा दोन-तीन घरांचे पैसे आम्ही पोरांनी शोधून काढले.

हे बघायचं कसं? आधारच्या सरकारी वेबसाइटवर 'माय आधार'मध्ये शिरलं की 'बँक सीडिंग स्टेटस' असं असतं, त्यात बँकेचं नाव दिसतं. त्याला ओटीपी लागतो. ओटीपी येत नसेल तर बँकेत जाऊन विचारा, बँक बघून सांगू शकते.

पहिली गाठ तपासायला मात्र ओटीपी लागत नाही. त्याच वेबसाइटवर आधार वैध आहे का हे तपासायची जागा आहे. तिथे आधार नंबर टाकला की जोडलेल्या मोबाइलचे शेवटचे तीन आकडे दिसतात. ते तीन आकडे घरातल्या कुठल्याच नंबरशी जुळत नसतील तर समजायचं, बहुधा जुना नंबर केव्हाच गेलाय.

आधार केंद्रावर नंबर बदलायला स्वतः जाऊन अंगठा द्यावा लागतो. कुठलंही कागदपत्र लागत नाही, जुना नंबर चालू असण्याचीही गरज नाही. 1 ऑक्टोबर 2025 पासून यासाठी शुल्क 75 रुपये आहे, पावती मिळते. कुणी दोनशे-तीनशे मागत असेल तर ती पावती दाखवायला सांगा. म्हाताऱ्या माणसाला नेणं जमत नसेल तर पोस्टात चौकशी करा, जुलै 2021 पासून इंडिया पोस्ट पेमेंट्स बँकेमार्फत पोस्टमनही घरी येऊन आधारमधला मोबाइल नंबर बदलून देऊ शकतो.

ओटीपीशिवाय होणारी कामं

सगळ्यालाच ओटीपी लागतो असंही नाही. रेशन दुकानातली ई-केवायसी दुकानदाराच्या यंत्रावर अंगठ्याने होते, त्याला मोबाइल लागत नाही आणि पैसेही लागत नाहीत. पीएम किसानच्या ॲपमध्ये जून 2023 पासून चेहरा दाखवून ई-केवायसी होते, ना ओटीपी ना अंगठा. लावणी करून, विटा थापून ज्यांच्या बोटांच्या रेषाच उरलेल्या नाहीत त्यांच्यासाठी हे फार सोयीचं आहे. आणि एका शेतकऱ्याच्या फोनवरून आजूबाजूच्या 100 शेतकऱ्यांपर्यंत हे करता येतं. एका चांगल्या फोनवर एक पाडा उरकतो.

भट्टीवर जाणाऱ्यांनी रेशनचंही लक्षात ठेवावं. एक देश एक रेशनकार्डमुळे भिवंडीच्या, वसईच्या, कुठल्याही रेशन दुकानात तुमचा जामसरचा कार्ड नंबर आणि अंगठा चालतो. प्राधान्य कार्डाला माणशी 5 किलो, अंत्योदयला कुटुंबाला 35 किलो, जानेवारी 2023 पासून फुकट. काही माणसं तिथे आणि काही इथे असतील तर थोडं तिथे, उरलेलं इथे घेता येतं. तिथला दुकानदार "बाहेरचं कार्ड चालत नाही" म्हणतो, ते खरं नाही. तरी भट्ट्यांवरची किती कुटुंबं शेठच्या दुकानातून उधारीवर तांदूळ घेतात ते आपल्याला माहीत आहे.

अंगठ्याचा धोका वेगळा. बँक मित्राकडे अंगठा देऊन पैसे काढताना यंत्रावर रक्कम किती टाकली ते आधी बघा. "सर्व्हर गेला, पुन्हा अंगठा दे" असं झालं तर पहिल्या वेळची पावती मागा, फेल झालं असेल तर तसंही यंत्र छापून देतं. दोनदा अंगठा देऊन एकदाच पैसे हातात आले अशा तक्रारी सगळीकडे आहेत. ज्याच्या खात्याला मोबाइल नंबर जोडलेला आहे त्याला दोन मेसेज येतात आणि चोरी तिथल्या तिथे कळते. ज्याचा नंबर बंद आहे त्याला सहा महिन्यांनी कळते, किंवा कळतच नाही.

फाइल आली, उघडली, पैसे गेले

व्हॉट्सॲपवर 'पीएम किसान यादी', 'आरटीओ चलान', 'लग्नपत्रिका' अशा नावाच्या फाइली फिरतात. नावाच्या शेवटी 'एपीके' असतं. ती यादी नाही की पत्रिका नाही, ते ॲप असतं. उघडलं की ते एसएमएस वाचायची परवानगी मागतं, आपण 'अलाऊ' दाबतो. तिथून पुढे तुमच्या फोनवर येणारा प्रत्येक ओटीपी परस्पर चोराकडे जातो. त्याला तुम्हाला फोन करून ओटीपी विचारायची गरजच राहत नाही. आणि ती फाइल तुमच्याच नावाने तुमच्या सगळ्या ग्रुपवर पुढे जाते, म्हणून ती आपल्याला मामाच्या किंवा सरांच्या नंबरवरून आलेली दिसते. माणूस ओळखीचा असला तरी एपीके उघडायची नाही. खरं ॲप प्ले स्टोअरवरून घ्यायचं.

उघडलीच तर त्या फोनचं नेट लगेच बंद करा आणि दुसऱ्या फोनवरून 1930 ला फोन लावा, नंतर बँकेला कळवा. 1930 हा सायबर फसवणुकीचा सरकारी नंबर आहे, जितक्या लवकर लावाल तितके पैसे मधल्या खात्यात अडकवता येण्याची शक्यता जास्त. रिझर्व्ह बँकेच्या 2017 च्या परिपत्रकात असं आहे की चूक ना बँकेची ना ग्राहकाची, अशा वेळी तीन कामकाजाच्या दिवसांत कळवलं तर ग्राहकाचं नुकसान शून्य. ग्राहकाने स्वतःच ओटीपी किंवा पिन दिला असेल तर बँकेला कळवेपर्यंतचं नुकसान त्याचं, कळवल्यानंतरचं बँकेचं. म्हणजे लाजेपायी दोन दिवस गप्प बसणं हेच महागात पडतं. आणि युपीआयचा पिन पैसे देताना लागतो, घेताना नाही. पैसे घ्यायला पिन टाका असं कुणी म्हणालं की फोन ठेवून द्यायचा.

फोनमुळे नुसता त्रासच होतो असं वाटायला नको. पुण्याच्या हवामानशास्त्र संस्थेचं दामिनी ॲप आपल्या आसपास वीज पडण्याचा धोका आहे का ते सांगतं. माळावर गुरं राखणाऱ्यांच्या आणि लावणीला वाकलेल्यांच्या घरात एका तरी फोनवर ते असावं, त्याला नेट आणि लोकेशन चालू लागतं. बालभारतीची सगळी पुस्तकं पीडीएफमध्ये फुकट मिळतात, जव्हारला नेट चांगलं असताना उतरवून आणली की पाड्यावर रेंज नसली तरी वाचता येतात. पण खरं सांगायचं तर संध्याकाळी आमच्यातली बहुतेक पोरं रील बघतात. आणि मुलींच्या हातात फोन येतो तो भावाचं बघून झाल्यावर, रेंज आणि चार्जिंग दोन्ही संपत आलेलं असताना. लाडकी बहीणच्या कितीतरी अर्जांवर नंबर भावाचा किंवा दिराचा आहे, त्याचं कारणही हेच. ज्या बाईच्या नावाने पैसे येतात तिच्या नावाचं एक सिम, साध्या फोनात का असेना, घरातच राहील असं करता आलं तर निम्मी कामं अडणार नाहीत.

आम्ही चार पोरांनी आमच्या पाड्यासाठी एक वही केली आहे. घरातल्या कर्त्या माणसाचं नाव, आधारला जोडलेल्या नंबरचे शेवटचे तीन आकडे, तो फोन सध्या कुणाकडे आहे, सिम कुणाच्या नावावर, रिचार्ज कधी संपतो, सीडिंग कुठल्या बँकेला. आधार नंबर, पिन, खाते नंबर त्यात लिहायचा नाही, हे आधीच ठरवलं होतं. वहीत तीन घरं अशी निघाली की त्यांच्या आधारला जोडलेला नंबर कुणालाच ओळखता येत नाही. त्या तिन्ही घरांतली माणसं दिवाळीनंतर बाहेर जाणार आहेत. त्याआधी त्यांना आधार केंद्रावर न्यायचं आहे, गाडी सांगून ठेवली आहे.